इंगळे सरांची पृथ्वी

इंगळे सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कांदा असायचा. पांढरा, मध्यम आकाराचा, सालासकट. ते आमच्या सोसायटीत राहायला आले त्या दिवशी मी त्यांना जिन्यात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझी नजर आधी त्या फुगलेल्या खिशावर गेली आणि मग चेहऱ्यावर. उंच, काटकुळा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, दोन्ही कान झाकलेले. डिसेंबर महिना होता. थंडीसाठी रुमाल समजू शकते, पण कांदा कशासाठी?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची मी सलग नऊ वर्षं सेक्रेटरी होते. खालच्या बोर्डावरच्या सगळ्या सूचना माझ्या अक्षरातल्या. एकदा दुसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं इस्त्री चालू ठेवून गावाला गेलं होतं आणि धूर येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून बोर्डावर एक सूचना कायमची होती: ‘घर बंद करताना मेन स्विच बंद करावा. न केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपली.’ मी स्वतः तर दोन तासांसाठी मंडईत गेले तरी कुलूप लावण्याआधी मेन खाली ओढायची. फ्रिजमधलं दूध नासतं म्हणून आमचे हे कुरकुर करायचे. म्हणायचे, ‘तुझ्यापुढे देव उभा राहिला ना, तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील.’ मागेन. का मागू नये?

तो काळ असा होता की हिंजवडीला दर महिन्याला एक नवी काचेची इमारत उभी राहायची आणि आमच्या बिल्डिंगमधली मुलं सकाळी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत तिकडे जायची. सरांचा मुलगा त्यातलाच. चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली आणि वर्षभरात कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. घराकडे बघायला म्हणून अमरावतीकडच्या गावातून वडील आले. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस.

इथवर सगळं ठीक होतं. मग मार्च लागला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

उन्हाळ्यात माणसं खिडक्या उघडतात. सरांनी सगळ्या बंद केल्या. पश्चिमेच्या खिडकीत एक भलाथोरला पत्र्याचा कूलर बसवला. पुण्यात तेव्हा असला कूलर कोणाकडे नव्हता, विमान उतरल्यासारखा त्याचा आवाज. बाकीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या. दिवसातून तीनदा हा माणूस तांब्याने त्या ताट्या भिजवणार, आणि आतून सारखी घूं घूं घूं अशी घरघर. ती कूलरची नव्हे. कूलर बंद असला तरी चालूच. दार उघडलं की जिन्यात वाळ्याचा वास यायचा आणि त्यात गरम लोखंडासारखा एक वास मिसळलेला.

तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली, कदम राहायचे. सोसायटीची जमीन मूळची त्यांच्याच घरची. बिल्डरने बदल्यात तीन फ्लॅट दिलेले. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुठेही खुट्ट झालं तरी ते आपल्याच शेतात झालं असं त्यांना वाटायचं. एक दिवस ते माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “वैनी, वर काय तरी काळंबेरं हाय.”

“काय झालं?”

“म्हातारा फोनवर बोलत हुता गॅलरीत. म्या सोत्ता आयकलं. ‘दोन हजार तीसपर्यंत पोचलोय. ऐंशीला सगळं संपंल.’ आता बोला!”

तसलंच काहीतरी मीही ऐकलं होतं. चारच दिवसांपूर्वी जिन्यात मी सहज विचारलं होतं, “काय सर, कसं काय चाललंय?” तर म्हणाले, “बरं आहे जी. आज आमच्याकडे डिसेंबर आहे.” बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. माणूस चक्रम तरी असेल नाहीतर बनेल तरी. बनेल असेल तर छडा लावणं आपलं कर्तव्य आहे, असं मी ह्यांना सांगितलं आणि कदमांच्या छताला ओल आल्याचं निमित्त करून चौथा मजला गाठला.

सरांनी दार उघडलं आणि “या बाई” म्हणाले. कसली लपवालपवी नाही, याचाच मला जास्त संशय आला.

हॉलमध्ये सोफा नव्हता. टीव्ही नव्हता. चार पितळी पराती पालथ्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक परातीवर एकेक कम्प्युटर. मुलाच्या कंपनीने काढून टाकलेले. चौघांच्याही एका बाजूचा पत्रा काढलेला, आतड्यांसारख्या वायरी बाहेर, समोर टेबलफॅन. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पांढरा कांदा. कदम असते तर करणी म्हणून ओरडत खाली पळाले असते. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

“हे काय आहे?” मी म्हटलं. सेक्रेटरीच्या आवाजात.

“पृथ्वी,” सर म्हणाले. “चार पृथ्व्या.”

मग त्यांनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं समजावलं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाला पुढच्या काळातलं हवामान काढायचं होतं. गणित एवढं अवाढव्य की एका यंत्राला झेपेना. म्हणून त्यांनी ते जगभर घरोघरी वाटलं. ज्याच्याकडे कम्प्युटर आहे त्याने तो दिवसरात्र चालू ठेवायचा. प्रत्येक घराला एक पृथ्वी, दुसऱ्यापेक्षा जराशी वेगळी. एकोणीसशे वीस सालापासून सुरू करायची आणि ऐंशीपर्यंत न्यायची, म्हणजे दोन हजार ऐंशी. यंत्राच्या एका दिवसात पृथ्वीचं साधारण एक वर्ष होतं. मुलाने जाण्याआधी सगळं लावून दिलं होतं आणि फोनवरून विचारत असायचा, कुठवर आलं म्हणून.

“आणि यातून तुम्हाला काय मिळतं?”

“काहीच नाही.”

काहीच न मिळता कोणी काही करतं का? मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. सर हसले नाहीत की रागावले नाहीत. कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेच्या आवारात त्यांनी लाकडी झडपांची पांढरी पेटी उभी केली होती, आत थर्मामीटर. रोज दुपारी दोन वाजता तापमान बघून वहीत लिहायचं. सुट्टीतही. मुलाच्या बारशालाही दोन वाजता उठून शाळेत गेले होते म्हणे.

“एकतीस वर्षं लिहिलं, बाई. हेडमास्तर बदलले, शाळेची इमारत बदलली. एका माणसाने कधी वही मागितली नाही. रिटायर झालो तेव्हा त्या पेटीत शिपाई झाडू ठेवू लागला.” मग कम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, “आता हे जे काढून राहिलो, ते कोणीतरी मागितलेलं आहे. एक पृथ्वी पुरी केली की पाठवायची. अर्धवट चालत नाही. एक झाली की बास.”

मी चार वह्या चाळल्या. आकडे निळ्या शाईत. मध्येच एखादा पेन्सिलीने, पुढे कंसात नाव, ‘शिपायाच्या सांगण्यावरून’, ‘पत्नीच्या सांगण्यावरून’. जे स्वतः बघितलं ते शाईने, जे दुसऱ्याने सांगितलं ते पेन्सिलीने, असा नियम होता. बायकोचाही आकडा पेन्सिलीत! कांद्याचं विचारलं तर म्हणाले, “आमच्याकडे कांदा घेतल्याशिवाय उन्हात कोणी निघत नाही. ऊन लागत नाही त्याने. यंत्राला काय होते त्याने, ते माहीत नाही. पण आपण एकट्यानेच ठेवायचा, बरं नाही दिसत.”

मी खाली आले आणि कदमांना सांगितलं की भूगोलाचा अभ्यास चाललाय. माझा स्वतःचा विश्वास बसला होता का? छे! मी दुसऱ्या दिवसापासून दोन वाजता गच्चीवर वाळवण बघायला जाऊ लागले. वाळवण कसलं डोंबलाचं! सरांनी गच्चीवरही तशीच पांढरी पेटी उभी केली होती. त्यांच्या आधी जाऊन मी आकडा बघायची, मग ते येऊन काय लिहितात ते बघायची. पंधरा दिवसांत एकदाही फरक सापडला नाही. सदतीस पूर्णांक चार असेल तर सदतीस पूर्णांक चारच. साडेसदतीस लिहायचासुद्धा मोह नाही. पुणेकर उन्हाने हैराण होऊन फुटाफुटावर रसवंतीत शिरत होते आणि हा माणूस म्हणायचा, “याला काय उन्हाळा म्हणता बाप्पा! आमच्याकडे हे माघात असते.”

कदमांच्या छताची ओल मात्र खरी होती. सरांनी स्वतः कूलरखाली पत्र्याचा ट्रे बसवला, कदमांचं छत स्वतः स्टुलावर चढून रंगवून दिलं. कदम म्हणाले, “माणूस बरा हाय, पर ध्यान ठेवा वैनी.” मी ठेवूनच होते.

एकदा मुलाचा अमेरिकेहून फोन आला म्हणून सर दोन वाजता अडकले. धापा टाकत वर आले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी मोठ्या उपकाराने सांगितलं, “मी बघितलंय सर. अडतीस पूर्णांक दोन.” त्यांनी “आभारी आहे” म्हणून वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली आणि लिहिलं. पुढे कंसात: ‘सेक्रेटरीबाईंच्या सांगण्यावरून.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे माझ्यावर संशय?”

“संशय नाही जी. माझे डोळे तिथे नव्हते, एवढंच.”

आयुष्यभर लोकांवर संशय घेणारी मी. कोणी मला पेन्सिलीत लिहिलं नव्हतं तोवर. तो दिवसभर मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

मे उजाडला आणि सरांच्या पृथ्व्या एकेक करून जाऊ लागल्या. गच्ची तापली की चौथा मजला म्हणजे भट्टी. त्यात रोजचं भारनियमन. वीज गेली की इन्व्हर्टरवर कम्प्युटर तीन तास तग धरायचे, पण कूलर बंद पडायचा. पहिला कम्प्युटर एकोणीसशे शहाण्णव सालात जळाला. दुसरा आणि तिसरा एकाच आठवड्यात. सर त्या बंद पडलेल्या यंत्रावरचा कांदा उचलून खिशात ठेवायचे आणि परात धुऊन स्वयंपाकघरात लावायचे. कुणी गेल्यासारखं वाटायचं मला.

उरला एक. तो सगळ्यांच्या पुढे होता. पण मुलाने फ्लॅट भाड्याने द्यायचं पक्कं केलं होतं. एक जूनला भाडेकरू येणार, सर गावी परत जाणार. गावी चौदा तासांचं भारनियमन आणि नेटचा पत्ता नाही. म्हणजे काय ते मेअखेरच. सरांनी हिशोब मांडला होता: अठ्ठावीस तारखेला ऐंशी साल उजाडेल. तीन दिवस हातात. कधी नव्हे ते मीही जिन्यात विचारू लागले, “कुठवर?” “चौसष्ट.” “सहासष्टचा पावसाळा.” आमचे हेसुद्धा जेवताना विचारायचे, “आज पृथ्वी कुठे आहे?”

अडुसष्ट साल चालू होतं तेव्हा गावाहून निरोप आला. त्यांचे मेहुणे गेले होते, त्यांची तेरवी. जायलाच हवं होतं. दोन दिवसांचा प्रश्न. सर माझ्या दारात आले आणि किल्ली पुढे केली.

“तीन वेळा ताट्या भिजवायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं. यंत्राला हात लावायचा नाही. बस.”

मी म्हटलं, “अहो, पण मलाच का? कदम आहेत, बाकीचे आहेत.”

“तुम्ही संशयी आहात, बाई. संशयी माणूस नीट पाहतो.”

त्या वाक्याने मी किती सुखावले ते मला सांगायलाही लाज वाटते. पण स्वभाव जातो कुठे? पहिल्या दिवशी सकाळी ताट्या भिजवल्या आणि लगेच कपाट उघडलं. वह्या. दुसरा खण. मुलाची पत्रं, थर्मामीटरची रिकामी डबी, बायकोचा एक फोटो. तिसऱ्या खणात चार जुने शर्ट. दुपारी गेले तेव्हा स्वयंपाकघर बघितलं, माळा बघितला. संध्याकाळी शेवटच्या ताट्या भिजवून त्या कम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर निळा गोळा हळूहळू फिरत होता, ढग सरकत होते, कोपऱ्यात साल. इतके महिने मी ज्याच्या मागावर होते ते एवढंच होतं. लपवलेलं काहीही नव्हतं. मला चक्क निराशा वाटली.

मग मी उठले, दिवे बंद केले, गॅस बघितला, खिडक्या बघितल्या, दाराशी आले आणि मेन स्विच खाली ओढून कुलूप लावलं.

सवयीने. नऊ वर्षांच्या सवयीने हात वर गेला. मी स्वतःला तेव्हाही हेच सांगितलं आणि आजही सांगते. पण त्या निराशेने हात जरा जास्तच सहज गेला का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. कूलर थांबल्याचं त्या तंद्रीत जाणवलं नाही. कम्प्युटरची घरघर थांबली नाही, इन्व्हर्टर चालू झाला होता, म्हणून मला कळलंही नाही.

सकाळी दार उघडलं आणि शांतता. त्या घरात मी पहिल्यांदा शांतता ऐकली. ताट्या वाळून कडकडीत झालेल्या, आत भट्टी. माझी नजर वर गेली, खाली ओढलेला स्विच दिसला. मेन वर केला. कम्प्युटर सुरू झाला, पण निळा गोळा आला नाही. इंग्रजीत एक तांबडी ओळ आली आणि तिथेच थांबली.

सर दुसऱ्या दिवशी आले. मी वाटच बघत होते. त्यांनी त्या तांबड्या ओळीकडे बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, “वीज गेली होती का?”

“हो ना,” मी म्हटलं. “भारनियमन. रात्रभर नव्हती.”

इतकं सरळ, इतकं न अडखळता मी खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. सरांच्या भिंतीवर एक थर्मामीटर होता, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी किती झालं ते धरून ठेवणारा. त्यांनी तो बघितला. इन्व्हर्टर बघितला. मेन स्विचकडे बघितलं नाही. “हौ,” म्हणाले. “गेली असन.”

चालू गणिताची फाईल बिघडली होती. दर दहा वर्षांनी ते एक प्रत काढून ठेवायचे; शेवटची साठ सालची. तिथून पुन्हा सुरुवात. वीस वर्षं जायचं होतं आणि हातात दिवस होते अकरा. हे मला त्यांनीच सांगितलं, वजाबाकी मुलांकडून करून घ्यावी तशी, आवाज न चढवता. आणि मग कांदा नीट ठेवून पुन्हा ताट्या भिजवायला लागले. रोज तीनदा, जणू होणारच आहे. मला ते बघवेना. ‘आमच्याकडे ठेवा, मी पुरी करून देते’ एवढं म्हणायला मी दोनदा चौथ्या मजल्यापर्यंत गेले आणि दोनदा पायरीवरून परत आले. म्हटलं असतं तर सगळंच म्हणावं लागलं असतं.

एकतीस मेला पृथ्वी एकाहत्तर सालात होती. सरांनी आपल्या हाताने बटण बंद केलं.

गच्चीवरची पेटी त्यांनी माझ्यावर सोपवली, चालू वहीसकट. त्या वहीत अठरा मेच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं आहे: ‘रात्रभर वीज नव्हती. सेक्रेटरीबाईंच्या सांगण्यावरून.’ त्याखाली मी नंतर शाईने लिहिलं, ‘वीज होती. मेन स्विच मी बंद केला.’ सही केली. पण हे त्यांनी वाचलेलं नाही. गावच्या पत्त्यावर मी दोन पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने ते गेल्याचं कळवलं. बोर्डावरची ती सूचना मी काढून टाकली. दोन वाजता अजून गच्चीवर जाते.

डोळ्यांपुढे राहिलं आहे ते असं. फाटकाशी रिक्षा उभी. सर आत बसलेले, मांडीवर तो कम्प्युटर, त्याला ओला पंचा गुंडाळलेला, वर कांदा. मी खिडकीशी वाकले तेव्हा त्यांनी वही उघडून माझ्या हातात दिली. पान अठरा मेचं होतं. खिशातलं शाईचं पेनही काढून वहीवर ठेवलं.

“एकदा पाहून घ्या, बाई. काही चुकलं असन तर.”

मी वाचलं. रिक्षावाला मीटरवर बोटं वाजवत होता. सर माझ्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते, पण थांबले होते. चांगले थांबले होते.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“बरं,” सर म्हणाले. “पेन राहू द्या तुमच्याकडेच.” आणि रिक्षा निघाली.